आमची फरशी, त्यांचं छत

माझ्या आईला उभं राहून भाकरी थापता येत नाही. एक पाय दुमडून जमिनीवर बसायचं, परात पुढ्यात ओढायची आणि ज्वारीच्या पिठाचा गोळा थापत, फिरवत मोठा करायचा, हे तिचं आयुष्यभराचं बसणं आहे. धाराशिवकडच्या आमच्या गावात सगळ्या बायका अशाच बसतात. मी तालुक्याच्या शाळेत जायचे तेव्हा ती भल्या पहाटे अशीच बसायची, आणि भाकरी फडक्यात बांधून एसटीपर्यंत धावत यायची. घरातली पहिली पदवी माझी. तिच्यामागे आईचं ते बसणं आहे, हे मी कधी विसरले नाही.

नोकरीसाठी पनवेलला आले, एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत रुळले, कर्ज काढून दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. वडील गेल्यावर आई गावात एकटीच होती. मोठ्या मिनतवारीने तिला कायमचं इकडे आणलं. निघतानाच ती म्हणाली, "करमलं तर राहीन. नाही करमलं तर अडवायचं नाही मला." तिला बसून रांधता यावं म्हणून मी एक छोटी शेगडी फरशीवर मांडून दिली.

थोडे दिवस बरे गेले. मग एका सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, "दुसऱ्या मजल्यावर रोज सकाळी कुटण्याचं काम चालतं. फ्लॅटमध्ये धंदा करायची परवानगी आहे का?" लिहिणारे काका आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमधले, निवृत्त. त्याखाली वर केलेल्या अंगठ्यांच्या चित्रांची रांग. सेक्रेटरींनी लगेच लिहिलं, "खानावळ असल्यास ताबडतोब बंद करावी."

खानावळ! दोन माणसांच्या चार भाकऱ्यांची!

आमचं चुकलं होतं, हे मान्य करते. गावाकडे घराच्या जमिनीखाली कुणी राहत नाही. आपली फरशी म्हणजे दुसऱ्याचं छत, हे ना आईच्या लक्षात आलं, ना माझ्या. पण एक जिना चढून येऊन सांगायला काय झालं होतं? आईने लगेच ऐकलं असतं.

मी खाली गेले. काकांनी जाळीचं दार उघडलंच नाही. आत टीव्ही बोंबलत होता.

"काका, आई भाकरी थापते. ओट्याशी तिला जमत नाही. मी परातीखाली चादर घालते."

"अहो मॅडम, हे तुमचं गाव नाही. इथे लोक रेडीमेड आणतात. हायवेला पळस्प्याच्या पुढे गेलात की हॉटेलात हव्या तेवढ्या भाकऱ्या. चुलीवरच्या!"

त्याच हॉटेलांत हीच मंडळी रविवारी गाड्या काढून जातात. तिथे दारातच चुलीपुढे एक बाई बसवलेली असते, भाकरी थापत. तिचे फोटो काढतात, "गावची आठवण" असं लिहून टाकतात. तिथला थापण्याचा आवाज गोड, आणि माझ्या आईचा म्हणजे त्रास!

चादरीने आवाज कमी झाला, पण परात हलायची आणि भाकरी फाटायची. त्यातच लिफ्टमध्ये एका बाईने आईला विचारलं, "तुमच्याकडे डबे मिळतात का हो?" आईने वर येऊन मला विचारलं. ग्रुपवरचं सगळं सांगावंच लागलं. तिने पिठाचा डबा बंद केला. विकतच्या पोळ्या ती अर्ध्या टाकू लागली. एका संध्याकाळी म्हणाली, "मला गावाकडं नेऊन सोड, बाई. कुणाच्या डोक्यावर बडवायला आले नाही मी."

रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग होती. मी उभी राहिले आणि चार भाकऱ्यांची खानावळ कशी झाली ते सगळं सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, सगळ्यांनीच ॲडजस्ट करायचं असतं."

तळमजल्यावरच्या आजी खुर्चीतून ताडकन उठल्या. आमची इमारत त्यांच्याच भातशेतावर उभी आहे.

"ॲडजस्ट? आमच्या शेतात तुमचे खांब ठोकले, तवा घरातली भांडी हलायची. आमाला कुनी इचारलं? आनि हिच्या आयशीनं भाकर केली तर तुमाला झोप नाय?"

"आजी, नियम असतात..."

"नियम ठेव तुज्या खिशात." लोक हसले. आजी माझ्याकडे वळल्या. "तुज्या आयशीला माज्याकडं धाड गो. माज्या घराखाली कोन राहत नाय. नुसती माती हाय."

आता आई रोज सकाळी झाकलेली परात घेऊन लिफ्टने खाली जाते. आजी तांदळाच्या उकडीची भाकरी पाण्याच्या हाताने तळव्यांवर फिरवतात. "तुजी भाकर काली गो," त्या चिडवतात. "काळी असू द्या, पण तुमच्यासारखी घास घेताच संपत नाही," आई म्हणते. गावाकडे सोड, असं ती आता म्हणत नाही. आजींचे उपकार मी जन्मभर मानीन.

पण ग्रुपवर "समंजस तोडगा" म्हणून हात जोडल्याची चित्रं आली, तेव्हा माझं डोकं तापलं. घराचे हप्ते मी भरते, आणि माझ्या आईला त्या घरात भाकरी करता येत नाही, याला तोडगा म्हणायचं? मी सेक्रेटरींना गाठलं. म्हटलं, खानावळ हा शब्द मागे घ्या, आणि काकांना वर येऊन आईशी बोलायला सांगा.

"आता मिटलं ना, मॅडम?"

"आईचं मिटलं. माझं नाही," मी म्हटलं. अजून कुणी जिना चढून आलेलं नाही. दर मीटिंगला मी विचारते.