मयताचं आव्हान

गेल्या हिवाळ्यात एका मयताने मला सलग अकरा वेळा हरवलं. बाराव्या वेळी मी त्याच्यापुढे दहीभात ठेवला.

भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आता माणसांपेक्षा कुलपं जास्त आहेत. लोक रिटायर झाले, कोणी अमरावतीला परतलं, कोणी मुलाकडे पुण्याला गेलं, आणि त्यांच्या क्वार्टरांमध्ये घाणेरीची झुडपं राहायला आली. आमच्या ओळीत सहा क्वार्टर आहेत, दिवा लागतो दोनांत. आमच्या स्वयंपाकघराला भिंत लागून असलेलं चौदा नंबर तीन वर्षं बंद आहे. तिथे देशकर राहायचे. दर रविवारी आम्ही कॅरम खेळायचो आणि दर रविवारी मी हरायचो. शेवटच्या रविवारी मधेच वीज गेली. सोंगट्या गोळा करत देशकर म्हणाले, "टेंभेकर, हा डाव राहिला हं." गुरुवारी ते गेले.

तेव्हापासून संध्याकाळी त्यांच्या खिडकीकडे बघायचं मी टाळतो. (घाबरतो असं नाही. मी गुणवत्ता तपासणी विभागात आहे. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो.) खिडकीची एक काच फुटलेली आहे आणि आत पडदा अजून तसाच आहे. वारा नसतानाही तो कधीकधी हलतो. मांजर असेल, असं मी स्वतःला सांगतो, पण त्या ओळीत मांजर कोणी पाहिलेलं नाही.

आता मुक्ताचं सांगतो. मुक्ता आमची एकुलती एक मुलगी, नववीत आहे. ती आणि तिची मैत्रीण रिद्धी दोघी मिळून मोबाइलवर 'दैत्यदंगल' नावाचा खेळ खेळायच्या. त्यात राक्षस पकडायचे, त्यांना शिकवायचं, सहा जणांची टोळी बांधायची आणि दुसऱ्याच्या टोळीशी झुंजवायची. मग रिद्धीच्या वडिलांची बदली झाली. टाउनशिपमध्ये बदली ही रोजचीच गोष्ट, पण मुक्ता त्या दिवसापासून गप्प झाली. जेवायला ये म्हटलं की यायची, जेवायची, उठायची. चार महिने आमच्या घरात ताटांचेच आवाज होते. मला फार वाईट वाटायचं, आणि करायचं काय ते कळत नव्हतं.

अशात टाउनशिपच्या क्लबने दैत्यदंगलीची स्पर्धा जाहीर केली. जोडी पालक आणि पाल्याची. मुक्ता स्वतःहून माझ्याकडे आली.

"बाबा, खेळाल माझ्याबरोबर?"

चार महिन्यांत तिने मला विचारलेला तो पहिला प्रश्न. तिने माझी किडनी मागितली असती तरी मी हो म्हणालो असतो.

"मी खेळले तर चालेल का?" मुक्ताची आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं," मी म्हणालो, आणि चहा टाकायला सांगितला.

रोज साडेपाचला मी ड्यूटीवरून आलो की मागच्या व्हरांड्यात शिकवणी सुरू व्हायची. टोळी बांधणं म्हणजे काय, ते मुक्ता जीव तोडून समजावायची. "बाबा, एक मार सोसणारा पाहिजे, एक चपळ पाहिजे, एक विष पसरवणारा. सगळे एकाच जातीचे घ्यायचे नसतात. आगीला पाणी मारतं, पाण्याला वीज मारते."

मी सगळं ऐकलं आणि सहाच्या सहा राक्षस दगडाचे घेतले. माल टिकाऊ असावा, एवढंच मला नोकरीने शिकवलंय. त्यांची नावं मी पाटा, वरवंटा, जातं, उखळ, खलबत्ता आणि दगडू अशी ठेवली. लढायला पाठवताना मी सीनियॉरिटी पाळायचो. पाटा पहिला पकडलेला, म्हणून पहिला मान पाट्याचा. तो आडवा झाला की वरवंटा.

"बाबा, समोर पाण्याचा राक्षस आहे. दगड विरघळतोय. पाट्याला मागे घ्या."

"अगं, त्याला डावलून वरवंट्याला पुढे कसं करणार? त्याला काय वाटेल?"

मुक्ता डोळे मिटून बसायची. तरी ती बोलत होती, माझ्यावर चिडत होती, आणि मला तेवढं पुरे होतं.

एका संध्याकाळी मुक्ता क्लासला गेली होती. मी एकटाच व्हरांड्यात बसून सराव करत होतो. बाहेर धुरकट थंडी पडली होती. या खेळात आसपास कोणी खेळत असेल तर त्याचं नाव आपल्या पडद्यावर येतं, पण तो तीस-चाळीस पावलांच्या आत असावा लागतो. पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली. एम, ए, वाय, ए, टी. खाली ओळ होती: 'ने आपको चुनौती दी है।'

मी अक्षरं जुळवून वाचली. मयत.

मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. ओळीत दुसरा दिवा लागतो तो टोकाच्या घरात, शंभर पावलांवर. तीस-चाळीस पावलांत आमचं घर होतं आणि चौदा नंबर. खिडकीतला पडदा हलला.

नाही म्हणायला बोट पुढे केलं आणि थंडीने काकडलेलं ते नेमकं 'स्वीकार' वर पडलं. मयताने आपला पहिला राक्षस काढला. पाण्याचा होता. नाव होतं के, ए, डी, एच, आय. कधी.

"कधी काय?" मी मोबाइलला विचारलं.

पाटा विरघळला, वरवंटा विरघळला. मग दुसरा राक्षस आला: टी, ए, ए, के. टाक. तिसरा आला: व्ही, ए, आर, ए, एन. वरन. मयत मला विचारत होतं, कधी टाकू वरनं? मी खुर्ची छपराखालून भिंतीशी ओढली. दोन मिनिटांत माझे सहाही दगड संपले. या खेळात शेवटी तयार वाक्यांतलं एखादं पाठवता येतं. मयताने पाठवलं: 'मैं पास ही हूँ।'

मी आत गेलो. मुक्ताची आई ओट्यापाशी उभी होती आणि दूध उतू जात होतं. बावीस वर्षांच्या संसारात तिच्या हातून दूध उतू गेलेलं मी पाहिलं नव्हतं.

"बाहेर काही आवाज आला का तुला?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि पदराआड काहीतरी सारलं. मी तिकडे लक्ष दिलं नाही, मागच्या दाराला कडी घातली.

पुढचे दहा दिवस मयत रोज आलं. मुक्ता क्लासला गेली की यायचं, हरवायचं आणि एक वाक्य टाकून जायचं. 'फिर मिलेंगे।' 'अभी तैयारी अधूरी है।' एकदा तर 'बहुत दिन हो गए।' ते वाचून मी मोबाइल उपडा ठेवला, कारण देशकरांना जाऊन बहुत दिवस झालेच होते. घरातही चिन्हं दिसायला लागली. भाजी करपायची. आमटीत मीठ दोनदा पडायचं. एका संध्याकाळी कुकरच्या सोळा शिट्ट्या झाल्या. आणि एकदा खेळता खेळता, नेमका खलबत्ता पडला तेव्हा, भिंतीपलीकडून बारीक हसू ऐकू आलं. भिंतीपलीकडे म्हणजे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या पलीकडे चौदा नंबर. मी हिशोब सरळ चौदा नंबरशी लावला.

शेवटी टाउनशिपचे इलेक्ट्रिशियन नसीमभाई यांना मी गाठलं. जन्माने आणि जिभेने अस्सल भोपाळी माणूस.

"को ख़ां टेंभेकर साब, मय्यत भी कहीं मोबाइल चलाती है?" ते हसले. मग मी मोबाइलचा पडदा दाखवला. त्यांनी हळूच चौदा नंबरच्या मीटरकडे पाहिलं. "लाइन तो तीन साल से कटी पड़ी है. और याँ देखो, सिग्नल पूरा आ रिया है."

"मग? मतलब, करूँ क्या?"

"अपन तो जा रिये हैं," नसीमभाई म्हणाले, आणि शिडी तिथेच सोडून गेले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. स्पर्धेला दोन दिवस होते. मला वाटलं, हे लचांड माझ्यावरून मुक्तावर गेलं तर? शुक्रवारी सकाळी मी क्लबचे सेक्रेटरी श्रीवास्तवजी यांना फोन केला आणि आमच्या जोडीचं नाव कापायला सांगितलं.

मुक्ताला शाळेत कळलं. घरी येऊन ती माझ्यासमोर उभी राहिली. "बाबा, तुम्ही नाव मागे घेतलंत?" मी काय सांगणार? मी म्हणालो, ऑफिसात काम आहे. ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. पुन्हा घरात ताटांचेच आवाज सुरू झाले. मयतापेक्षा मला त्या बंद दाराची जास्त भीती वाटली.

म्हणून शनिवारी संध्याकाळी मी धीर केला. देशकरांचा डाव राहिलाय ना, तो मीच संपवायचा. मी पानावर दहीभात घेतला, नारळ घेतला, कॅरमचा स्ट्रायकर घेतला आणि चौदा नंबरच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो. घाणेरीत काहीतरी खसफसलं. फुटक्या काचेतून जुन्या, दमट घराचा वास येत होता. मी पान ठेवलं, वर स्ट्रायकर ठेवला, डोळे मिटले.

"देशकर," मी म्हणालो. "तो डाव तुम्हीच जिंकलात. राणीसुद्धा तुमचीच. माझ्या पोरीला तेवढं खेळू द्या हो."

खिशात मोबाइल थरथरला. मी एक डोळा उघडून पाहिलं. एम, ए, वाय, ए, टी ने आपको चुनौती दी है.

"अहो," अंधारातून बाईचा आवाज आला.

मी नारळासकट दोन पायऱ्या खाली आलो.

"देशकर भाऊजींना कशाला छळताय?" मुक्ताची आई कुंपणापाशी उभी होती, हातात तिचा जुना मोबाइल. "मयत मीच आहे."

मागे मुक्ताही आली होती. मग मी विचारलं, "म्हणजे तू केव्हा गेलीस?"

"काय बोलताय! ते मयत नाहीये. माया टी. मधली जागा सोडायला जमलं नाही मला."

"टी म्हणजे?"

"टेंभेकर. तुमचंच आहे ते."

मुक्ताने तिच्या हातातून मोबाइल ओढून घेतला. "आई, ही टोळी तू बांधलीस? कढी, ताक, वरण... सगळे पातळ पदार्थ? म्हणजे सगळे पाण्याचे?"

"सगळे नाहीत. चौथा ठेचा आहे, तो आगीचा. पाचवी पुरणपोळी, तिला कितीही मारा, पडत नाही. तू बाबांना शिकवायचीस ते ऐकूनच केलंय मी. त्यांना कळत नव्हतं, पण मला आत सगळं कळत होतं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हाला जरा सराव व्हावा म्हणून खेळत होते. पण तुम्ही पाट्याला काही मागे घेईनात."

"आणि ते 'बहुत दिन हो गए'?"

"झालेच की," ती म्हणाली. "आपण दोघं काहीतरी खेळून."

मी पानावरचा स्ट्रायकर उचलून खिशात टाकला. मुक्ता मात्र घड्याळ बघत होती. "बाबा, नावं सातपर्यंत घेतात. वीस मिनिटं आहेत."

मी स्कूटर काढली. हातातला नारळ क्लबच्या टेबलावर आपटला आणि म्हणालो, नाव परत लिहा, फक्त पालक बदला.

"किसका नाम लिखूँ?" श्रीवास्तवजींनी विचारलं.

"मुक्ता की मम्मी का."

"टेंभेकर जी, यहाँ सब किसी न किसी की मम्मी हैं. नाम बताइए."

मी टेबलावरचा नारळ गोल फिरवत राहिलो. आमच्या घरात तिला मी 'अगं' म्हणतो, मुक्ता आई म्हणते, ओळीत ती मिसेस टेंभेकर. दारावर पाटी माझी, गॅसचं पुस्तक माझ्या नावाचं. ते नाव मी मोठ्याने घेतलं होतं ते लग्नात उखाण्यात, आणि तेही लोकांनी अडवलं म्हणून. अकरा दिवस ती अक्षरं रोज पडद्यावर वाचून मला शेजारच्या घरातला मेलेला माणूस आठवला. स्वतःच्या घरातली जिवंत बाई आठवली नाही. मला मनापासून लाज वाटली. मी श्रीवास्तवजींच्या हातून पेन घेतलं आणि स्वतः लिहिलं.

घाईत मी इंग्रजीत लिहिलं, आणि मधली जागा सोडायला मलाही जमलं नाही. रविवारी श्रीवास्तवजींनी माइकवरून पुकारलं, "अगली जोड़ी, मुक्ता टेंभेकर और मय्यत टेंभेकर." पुढच्या रांगेतले दोन रिटायर्ड फोरमन टोपी काढून उभे राहिले.

मायलेकींचा दुसरा नंबर आला. मुक्ता घरी येईपर्यंत एकसारखी बोलत होती, आईशी. पुरणपोळी कुठे चुकली, ठेचा आधी काढायला हवा होता का. मी मागून क्लबमध्ये राहिलेल्या नारळाची पिशवी घेऊन चालत होतो आणि मला फार बरं वाटत होतं.

घरी आल्यावर मी ठरवलं, आता आपणही सुधारायचं. चपला काढल्या, घसा साफ केला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "माया."

आत हातातलं भांडं पडलं. "बाई गं," तिचा घाबरलेला आवाज आला, "कोण आहे?"

"काही नाही गं आई," मुक्ता म्हणाली, "बाबाच आहेत."