मास्तरांच्या अंगातला शर्ट

आमचे हे शिंपी. सगळी गल्ली ह्यांना मास्तर म्हणते. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या हातच्या एकाही टाक्याला ह्यांनी बरं म्हटलं नाही. तुरपाई करून दाखवली की कापड डोळ्यांपाशी नेऊन बघायचे आणि म्हणायचे, "उसव." अस्सा राग यायचा!

मग ती लस आली. दोघांनी एकाच दिवशी टोचून घेतली. मला साधी कणकणही नाही. ह्यांचा मात्र उजवा खांदा ठणकायला लागला, आणि ठणका थांबला तेव्हा हातातला जोरच गेला होता. बोटं हलायची, पण कात्री उचलेना. मोठे डॉक्टर म्हणाले, "लशीमुळे असेल, नसेलही. असं क्वचितच होतं." क्वचित! ते नेमकं आमच्याच घरी यायचं होतं. दुकानाला कुलूप लागलं.

भरपाईचा दावा लावला. आमची वकीलबाई भली. तिने बजावलं, "हात थोडा हलतो, म्हणून समोरचे लोक अडवणार. शिवणकाम होत नाही हे सुनावणी घेणाऱ्या साहेबांना पटलं तरच काही मिळेल. मास्तर, विचारतील तेवढंच बोला."

सुनावणीला घालायला धड शर्ट नव्हता. हे शेजारी बसून सांगत गेले, मी कापड बेतलं, मशीन चालवलं. कॉलर तर मी रडकुंडीला येईपर्यंत उसवायला लावली.

सुनावणीची खोली कोंदट होती. समोरच्यांचा वकील बोलायला साखर. ह्यांना म्हणाला, "शर्ट फार सुरेख आहे हो. कोणी शिवला?"

सगळे वळून बघायला लागले. मास्तर दुसऱ्याच्या हातचं घालतो, हे चारचौघांत कबूल करायचं? ह्यांची मान ताठ झाली.

"कोणी म्हणजे? मीच."

"कधी?"

"परवाच."

मी उठलेच. "साहेब, खोटं आहे ते! मी शिवलाय!"

साहेबांनी ह्यांना विचारलं, "बाई म्हणतात ते खरं का?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ती फक्त बटणं लावते."

वकीलबाईने कपाळाला हात लावला. साहेबांनी दावा तिथेच फेटाळला.

रस्ताभर माझ्या तोंडाचा पट्टा चालू होता. "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात! आता काय तो ताठा शिजवून खायचा?" हे घरात आल्यावर रोजच्यासारखे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. ह्यांना बटणंही काढता येत नाहीत, मलाच काढावी लागतात.

मी गळ्याचं बटण काढत होते, तेव्हा हे हळूच म्हणाले, "कॉलर मात्र छान बसली होती गं."

"हे तिथे बोलायचं होतंत," मी म्हणाले, आणि पुढचं बटण काढायला घेतलं.