बानूमावशींचा फिशपॉन्ड

विद्यापीठाच्या मुलींच्या त्या होस्टेलात एकच टेलिफोन होता आणि तो महिन्यातले पंधरा दिवस बंद असे. त्यामुळे कोणाचं अडत नव्हतं, कारण फाटकाशी बानूमावशी होत्या. खुर्चीवरून न उठता त्यांनी हाक दिली, की तिसऱ्या मजल्यावर झोपलेली मुलगी दचकून उठायची आणि आधी केस सारखे करायची. आवाज असा, की समोरच्या रस्त्याने जाणारे सायकलवालेसुद्धा एकदा मागे वळून बघत.

पूर्ण नाव अख्तरबानू अमीन मणियार. मराठी सातवी पास, अक्षर गोल आणि टपोरं. पानशेतच्या पुरात त्यांच्या यजमानांचं नदीकाठचं बाइंडिंगचं दुकान कागदांसकट भिजून गेलं, म्हणून त्याच साली त्या इथे शिपाई म्हणून लागल्या. पुढे अमीनमियांनी बुधवार पेठेत पुन्हा दुकान थाटलं, विद्यापीठातले प्रबंध त्यांच्याकडे बांधायला येऊ लागले, घडी बसली. पण मावशींनी नोकरी काही सोडली नाही. होस्टेलात त्यांचा जीव रमला होता. शिवाय दिवसभर घरात बसायचं म्हणजे अमीनमियांचं बोलणं ऐकून घ्यायचं. अमीनमियाँ त्यांच्या सख्ख्या मामाचे चिरंजीव. लहानपणी त्यांनी बानूची खोडी काढल्याशिवाय एक सुट्टी घालवली नव्हती, आणि लग्न झालं म्हणून सवय थोडीच जाते? घरात दोघं दखनी बोलत. भांडायचं असलं की मात्र मराठीवर येत, कारण टोमणा मराठीत जास्त नेमका बसतो, असं दोघांचंही मत होतं.

भेटायला येणाऱ्याने फाटकाशी एका चिठ्ठीवर आपलं नाव, मुलीचं नाव आणि नातं लिहून द्यायचं, असा होस्टेलचा नियम होता. मावशी ते वहीत उतरवत आणि मग पुकारा करत. येणारे तरुण बहुतेक सगळे ‘मामेभाऊ’ असत. एवढे मामेभाऊ महाराष्ट्रात असतील, तर मामा किती असतील याचा हिशेब मावशींनी केव्हाच सोडून दिला होता. त्या अडवत कोणालाच नसत. फक्त पुकारा खणखणीत करत : “शकू ओक, खोली बेचाळीस! भेटायला मामेभाऊ! ह्या महिन्यातला तिसरा!”

तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरून जायच्या. खाली उभा असलेला मामेभाऊ आपल्या चपलांकडे बघत राहायचा. शकू लाल चेहऱ्याने जिना उतरायची आणि म्हणायची, “मावशी, अहो जरा हळू!”

“हळूच बोलले गं. मोठ्याने बोलले असते तर तुझ्या वडलांना सांगलीला ऐकू गेलं असतं.”

ही शकू त्या वर्षी, म्हणजे पंच्याऐंशी-शहाऐंशी साली, होस्टेलची सेक्रेटरी होती.

दरवर्षी जानेवारीत होस्टेलचं गॅदरिंग व्हायचं. नाच, नाटुकलं, गाणी हे सगळं असायचं, पण खरी मजा फिशपॉन्डची. एक मातीचं मटकं आठवडाभर जिन्याखाली ठेवायचं. ज्याला जिची फिरकी घ्यायची असेल त्याने तिच्या नावाने दोन ओळी लिहून, आपलं नाव न घालता, चिठ्ठी आत टाकायची. कार्यक्रमात सेक्रेटरी एकेक चिठ्ठी वाचणार, जिच्यावर असेल तिने उठून ती हसत हसत न्यायची. बोचरा फिशपॉन्ड पडला तर तासभर राग येतो. एकही पडला नाही तर मात्र फार लागतं. म्हणजे तुझ्याकडे वर्षभरात कोणाचं लक्षच गेलं नाही!

मटकं सांभाळायचं काम पहिल्यापासून मावशींकडे. पहिल्याच वर्षी कुसुम नावाची जामखेडची एक मुलगी गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी ट्रंक भरताना त्यांना दिसली. वर्गात गप्प, मेसमध्ये गप्प, अशी ती मुलगी. एकशे वीस मुलींत तिच्या एकटीच्या नावाची चिठ्ठी नव्हती. “मावशी, मी इथे आहे हे कोणाला ठाऊकच नाही,” असं म्हणून ती जी रडायला लागली, ती थांबेना. मावशींनी ट्रंक रिकामी केली, तिला चहा पाजला आणि मनाशी ठरवलं की हे पुन्हा होऊ द्यायचं नाही.

पुढच्या वर्षापासून गॅदरिंगच्या आदल्या दुपारी, मुली वर्गांना गेल्या की मावशी मटकं खोलीत नेत, दार लावून घेत आणि चिठ्ठ्या नावानिशी लावून बघत. जिचं नाव नसेल तिच्यासाठी स्वतः दोन ओळी रचत. कागद म्हणून त्याच पाहुण्यांच्या जुन्या चिठ्ठ्या, पाठकोऱ्या. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहीत. कुसुमवरचा त्यांचा पहिला फिशपॉन्ड असा होता :

‘कुसुमताई तोंड उघडत नाहीत म्हणे वर्गात;
लाडवांचा डबा आला की उघडतात अर्ध्या मिनिटात.’

सगळं होस्टेल लोटपोट हसलं आणि कुसुमचं नाव त्या दिवसापासून ‘लाडू’ पडलं. ती हसत हसत चिठ्ठी न्यायला आली तेव्हा तिचा चेहरा असा फुलला होता, की मावशींना स्वतःलाच बक्षीस लागल्यासारखं वाटलं. पुढे चोवीस गॅदरिंगांत एकही मुलगी कोरी राहिली नाही.

कोऱ्या राहिल्या त्या एकट्या मावशी.

त्याला कारण होतं बजरंग महाराजांच्या पोळ्या. फार वर्षांपूर्वी कोणीतरी त्या पोळ्यांना बुटाच्या तळव्यांची उपमा दिली. मेसचे आचारी बजरंग महाराज ती चिठ्ठी घेऊन जे निघाले ते थेट गावी गेले, आणि होस्टेल दोन दिवस भेळेवर जगलं. तेव्हाच्या रेक्टरनी फळ्यावर सूचना लावली : ‘सेवकवर्गाविषयी थट्टेचा मजकूर मटक्यात टाकू नये.’ रेक्टर बदलत गेल्या, सूचना राहिली. आताच्या सुनीतीबाई तर नियमाच्या बाबतीत स्वतःचीही गय न करणाऱ्या. दरवर्षी ती सूचना नव्याने लिहून फळ्यावर लावायचं काम कोणाकडे? अर्थात मावशींकडे, त्यांचं अक्षर चांगलं ना!

मुली त्यांना मान देत होत्या, ईदला शिरखुर्मा हक्काने मागत होत्या, तापात त्यांच्याच मांडीवर डोकं ठेवत होत्या. तरी त्या हसण्याच्या कोंडाळ्यात मटकं धरून उभं राहताना मावशींना दरवर्षी वाटायचंच, की एकदा आपलंही नाव निघावं. कोणीतरी आपल्याला उभं करून चिडवावं. मान काय, लांबूनही देता येतो. चिडवायला माणूस आपलं लागतं. आणि ह्या वर्षीच्या एकतीस जानेवारीला, साडेपाचला, मावशी रिटायर होणार होत्या.

घरी त्यांनी हे एकदा बोलून दाखवलं. अमीनमियाँ पुठ्ठ्याला खळ लावत होते. ते म्हणाले, “नावं ठेवायला मी आहे की घरात. मटकं कशाला हवं?”

त्यात ह्या शकूने गॅदरिंगची तारीख चोवीसवरून नेमकी एकतीसला नेली. “अगं, माझा शेवटचा दिवस, मला किल्ल्या, वह्या सोपवायच्या आहेत,” मावशी कुरकुरल्या. “हॉल दुसऱ्या दिवशी मिळत नाही,” शकू म्हणाली. हॉल होस्टेलचाच होता, पण मावशींच्या ते लक्षात आलं नाही.

तीस तारखेच्या दुपारी त्यांनी शेवटचं मटकं मोजलं. दोघींची नावं नव्हती. त्यांच्यावर लिहून झालं. पेन हातातच होतं. पुढे एक पाठकोरी चिठ्ठी होती. मावशींनी दाराची कडी पुन्हा एकदा तपासली आणि साठाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःसाठी लबाडी केली :

‘बानूमावशींचा आवाज मोठा, मन त्याहून मोठं;
अशी मावशी शोधून सांगा, मिळेल तरी कुठं?’

चिठ्ठी मटक्यात टाकली आणि त्या बसने घरी गेल्या. रात्रभर त्यांना त्या दोन ओळींची लाज वाटत राहिली. सकाळी पहिलं काम म्हणजे ती चिठ्ठी काढायची, असं ठरवून त्या फाटकातून शिरल्या, तर जिन्याखाली मटकं नव्हतं. शकूने ते सजवायला म्हणून वर नेलं होतं, खोलीला कुलूप होतं आणि शकू मंडई गाठून फुलं आणायला गेली होती.

दुपारी चारला हॉल भरला. मावशी नेहमीसारख्या मटक्याशेजारी उभ्या राहिल्या. एकेक चिठ्ठी निघत होती, हशा उसळत होता. मावशींना एक शब्द धड ऐकू येत नव्हता. आता निघेल, मग निघेल. शेवटी शकूने एक पाठकोरी चिठ्ठी उघडली आणि थांबली. मावशींकडे बघितलं. चिठ्ठी पुन्हा वाचली. “ही ह्यात बसत नाही,” एवढं म्हणून तिने ती घडी घालून बाजूला ठेवली आणि पुढची काढली.

मावशींना हायसं वाटलं. आणि लगेच इतकं वाईट वाटलं, की मटक्यावरच्या झेंडूच्या माळेकडे बघत त्यांनी डोळे पुसले. नियम तो नियम. स्वतःच्या हाताने लिहिलेला.

मटकं रिकामं झालं. साडेपाच वाजले. रोजच्याप्रमाणे ऑफिस सुटल्याची घंटा द्यायला मावशी बाहेर गेल्या, टोल दिले, किल्ल्यांचा जुडगा सुनीतीबाईंच्या हातात ठेवला आणि पिशवी उचलली.

“कुठे निघालात?” सुनीतीबाईंनी विचारलं.

“घरी, बाई. संपलं की आता.”

“संपलं ना? मग तुम्ही आता सेवकवर्गात नाही. आणि बाहेरच्या माणसाला वहीत नोंद केल्याशिवाय आवारात थांबता येत नाही. नियम आहे.” बाईंनी पाहुण्यांची वही पुढे केली. “भरा.”

मावशींना काही कळेना. पण वही म्हटल्यावर हात आपोआप चालला. नाव लिहिलं. ‘कोणाला भेटायचे’ ह्या रकान्यात ‘सर्वांना’ लिहिलं. ‘नाते’ ह्या रकान्याशी पेन अडलं. आयुष्यभर त्यांनी कोणाचा तो रकाना रिकामा सोडला नव्हता.

“रिकामं चालणार नाही,” बाई म्हणाल्या.

मावशींनी लिहिलं : ‘घरची’.

सुनीतीबाईंनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि हॉलकडे वळून म्हणाल्या, “शकू, सूचना सेवकवर्गापुरती आहे. पाहुण्यांबद्दल तीत काहीही म्हटलेलं नाही. चालू द्या.”

आणि पडद्यामागून दुसरं मटकं आलं. पहिल्याच्या दुप्पट मोठं.

शकूने आधी ती बाजूला ठेवलेली पाठकोरी चिठ्ठी मावशींच्या हातात दिली आणि कानाशी म्हणाली, “मावशी, हा फारच मिळमिळीत झालाय. आम्हांला सगळ्यांना कसं झोडपता, आणि स्वतःला एवढं सोडलंत?”

“तुला... अगं, तुला कसं कळलं?”

“डाव्या हाताची चिठ्ठी मावशींची, हे इथे प्रत्येक सीनियर पहिल्या वर्षाच्या मुलीला सांगून जाते. फक्त तुम्हांला कळू द्यायचं नाही, एवढीच अट.”

मग वाचन सुरू झालं.

‘घरचं कार्ड आलं की मावशी वाचतात आधी;
आम्हांला मग कळतं, कोणाची ठरली शादी.’

‘गेट बंद साडेसातला, मावशींचं घड्याळ सातला;
उरलेला अर्धा तास लागतो पोरींना झापायला.’

एकेक चिठ्ठीला मावशी उठत होत्या, घेत होत्या, “खोटं आहे, साफ खोटं!” असं ओरडत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. एक चिठ्ठी जामखेडहून पोस्टाने आलेली होती. खाली नाव नव्हतं, फक्त एक लाडू काढला होता. बजरंग महाराजांनीसुद्धा एक टाकला होता, पोळ्यांचा जुना हिशेब मनात ठेवून, मावशींच्या चहावर. मावशी हसून हसून खाली बसल्या. त्यांना उठवायला दोघी लागल्या.

सात वाजता शकू फाटकाकडे गेली. तिथे एक पांढरी टोपी घातलेले गृहस्थ मावशींच्या रिकाम्या खुर्चीसमोर अदबीने उभे होते. त्यांनी नियमाप्रमाणे चिठ्ठी भरून दिली. शकूने ती वाचली, तोंडावर हात दाबला, आणि मग खुर्चीवर चढून, मावशींचं आजवर ऐकलेलं सगळं गळ्यात आणून पुकारा केला :

“अख्तरबानू मणियार! भेटायला मामेभाऊ!”

तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरून गेल्या. मावशी चिठ्ठ्यांची पिशवी छातीशी धरून हॉलच्या दारात आल्या आणि फाटकाशी अमीनमियाँ उभे असलेले पाहून लाल झाल्या. थेट शकूसारख्या.

“अहो, हे काय लिहिलंत?”

“काय चुकलं?” अमीनमियाँ म्हणाले. “माझी सख्खी आत्या तुझी आई लागते की नाही?”

हसण्याचा एवढा कल्लोळ झाला की सुनीतीबाईंना घंटा द्यावी लागली. मग त्यांनी वही ओढून घेतली, अमीनमियांची नोंद स्वतःच्या हाताने केली, आणि पुढे लाल शाईने शेरा मारला : ‘पडताळून पाहिले. चोवीस वर्षांत एवढा एकच खरा.’