खंडेनवमीला भरलेली टाकी

खंडेनवमीला आमच्याकडं कोयता, कुऱ्हाड, पहार, घरात जे अवजार असेल ते धुऊन पुजतात. माझ्या घरी त्या रांगेत पाणी उपसायचं पेट्रोलचं इंजिनही असायचं. पूजेआधी त्याची टाकी काठोकाठ भरायची, हा आमचा नेम. उपाशी यंत्राला कुंकू लावू नये, असं बायकोचं म्हणणं. रिकामी टाकी आतून गंजते, असं माझं. पूजा झाली की ते तसंच भरल्या पोटी पत्र्याखाली ढकलायचं आणि उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की बाहेर काढायचं. वर्षानुवर्षं ते दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला सुरू व्हायचं.

आम्ही मूळचे शिरूर कासारकडचे. दिवाळी झाली की आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचं, पाचटात झोपायचं. पुढं मी कोयता सोडला आणि बाजारोबाजार शेळ्यांचा सौदा करू लागलो. त्यातून नांदूरघाटच्या बाजूला, सासरवाडीच्या शिवारात, रान घेतलं. कुणाच्या बापाची मदत नाही. त्या रानात काहीही लावीन पण ऊस लावणार नाही, असं ठरवून मोसंबी लावली. रोपं गुडघ्याएवढी होती तेव्हापासून मी एकेका झाडाला ओळखत होतो.

बांधापलीकडं माझ्या मेहुण्याचं रान. तो सहकारी साखर कारखान्याचा संचालक. एका वार्षिक सभेत त्यानं माईक धरून सांगितलं, की आता आपल्या उसापासून इथेनॉल निघणार, ते पेट्रोलमध्ये मिसळणार. बाहेर देशातून तेल कमी आणावं लागेल, धूर कमी होईल, कारखान्याला साखर विकली जायची वाट बघावी लागणार नाही आणि उसाचं बिल वेळेवर मिळेल. यात खोटं काहीच नव्हतं. सौद्यात समोरच्याच्या मालाचे गुण मी कधी नाकारत नाही. पण मी उठून विचारलं, "आन् पाणी कुणाचं? हितं होळीच्या आधी टँकर लागतेत." लोक हसले. मेहुणा म्हणाला, "दाजी, तुमी मोसंबीचा रस पाजा, आमी गाड्या पळवतो." लोक अजून हसले. ते हसणं मी विसरलो नाही.

नंतर पंपावर मिसळीचं पेट्रोल आलं आणि माझी मोटारसायकल तेवढ्याच पेट्रोलमध्ये जरा अलीकडंच थांबू लागली. ते मी सोसलं.

मग तो दुष्काळ आला. वैशाखात आमची डीपी जळाली आणि वीज गेली ती गेलीच. विहिरीत रात्रीतून गुडघाभर पाणी साठायचं. तेवढं रोज उपसलं असतं तर बाग तगली असती. इंजिन काढलं, दोरी ओढली. खांदा उखडायची वेळ आली, पण ते नुसतं खोकलं.

टेम्पोत घालून केजला मिस्त्रीकडं नेलं. हा मिस्त्री तोंडाचा फटकळ आणि भाव करायला चिवट, म्हणून आमचं जमायचं.

"टाकी कवा भरली हुती?" त्यानं विचारलं.

"दसऱ्याला."

"मंग ही दसऱ्याची दारूच म्हना की."

त्यानं टाकीच्या तळाचं थोडं बाटलीत काढलं आणि उन्हात धरलं. बाटलीत दोन थर दिसत होते, मधे रेघ. दिवाळीत अवकाळी पाऊस झाला होता, तो पत्र्यातून गळून झाकणाच्या फटीनं आत गेला असणार.

"पयलं पेट्रोल पान्याला जवळ करीत नव्हतं," मिस्त्री म्हणाला. "पानी खाली बसायचं, नळी काढून सोडून द्यायचं. आता ह्यात उसाची दारू मिसळत्यात, ती पानी पिती. पोट भरलं की पान्यासगट तळाला बसती. आन् इंजिन वढतंय तळाचंच."

कार्बुरेटरमध्ये पांढरी खरपूड धरली होती. रबराची नळी चघळल्यासारखी मऊ झाली होती. जुन्या बनावटीचा कार्बुरेटर केजात नव्हता. बाहेरून मागवावा लागणार होता.

"थांबा जरा," तो म्हणाला.

"कामून थांबू रे? बाग जळायलीय तिकडं!"

मी त्याच्यावर ओरडलो, पण राग त्याच्यावर नव्हता. सभेत फायदे सांगायला ज्यांना एवढा वेळ होता, त्यांनी एक वाक्य अजून सांगायचं होतं, की बाबांनो, हे पेट्रोल भरून ठेवू नका. नवी शेळी विकणारासुद्धा सांगतो, हिला ओला चारा सोसत नाही.

मेहुण्याच्या बोअरला पाणी होतं. त्याचा ऊस हिरवागार उभा होता. मी गेलो. लिंबाखाली बसलो, चहा झाला.

"पानी घ्या की दाजी," तो म्हणाला. "आजच नळी टाकतो. पर पुढल्या हंगामाला बागेबाहेरच्या रिकाम्या रानात ऊस लावायचा, आन् कारखान्यात त्याची नोंद माज्या गटात द्यायची."

"निम्म्या रानात लावतो."

"सगळ्या."

आमच्या बाजारात एक रीत आहे. सौदा अडला की घेणारानं उठायचं, गुडघे झटकायचे आणि चालू पडायचं. देणारा हाक मारतोच. मी असे कितीतरी सौदे पाठ फिरवून जिंकले आहेत. मी उठलो. बांधावरून सावकाश चाललो. मधे थांबून चपलेचा अंगठा उगीचच नीट केला. हाक आली नाही.

घरी बायको म्हणाली, "जावा की परत. माजा भाऊच हाय त्यो."

"त्यानं हाक मारावी."

"झाडांनी मारली तर ऐकू यील का तुमाला?"

मी ताट सारून उठलो. दुसऱ्या दिवशी तो बांधावर दिसला. त्यानंही मला पाहिलं. दोघंही आपापल्या कामाला लागलो. बायको खरकटं पाणी नेऊन घराजवळच्या झाडांना घालत राहिली. आधी बारकी फळं गळाली. मग पानं वळली, आणि गळायचीही राहिली. वाळून झाडावरच वाजू लागली.

कार्बुरेटर आला. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. पाणी आळ्यात गेलं, जमिनीनं चर्र केलं. मी एका खोडाला नखानं ओरखडा काढला. मग दुसऱ्या, मग पुढच्या. आत हिरवं नव्हतं.

झाडं तोडताना मेहुणा आला. "मी वाट बघत हुतो, दाजी," तो म्हणाला. "म्हनलं, गरजवंत मानूस फिरून येतोयच."

"मी बी तेच म्हनत हुतो," मी म्हणालो.

लाकूड गुऱ्हाळाच्या चुलवणाला गेलं. पुढं पाऊस बरा झाला. मोसंबी पुन्हा वाढवायला वर्षं जातात आणि माझं वय झालं होतं, म्हणून त्या रानात मी ऊस लावला. नोंद मात्र मुद्दाम दुसऱ्याच्या गटात दिली. बिल वेळेवर येतं. सभेत सांगितलं होतं तसंच.

आता खंडेनवमीला मी इंजिन टाकी संपेपर्यंत चालवतो. ते आचके देत बंद पडलं की बायको त्या उपाशी यंत्राला कुंकू लावते. भाऊबीजेला ती एकटीच जाते, उसाच्या कडेकडेनं, बांधावरून. संध्याकाळी ती परत आली की मी तिच्या तोंडाकडं बघतो. काही निरोप आहे का, हे विचारत नाही.