समाचाराला आलेली माणसं

आई गेली तेव्हा मी इकडे इंग्लंडात, मेडनहेडला होतो. पोचेपर्यंत भावानं सगळं उरकलं होतं. तेराव्यापर्यंत राहिलो, परत आलो, लॉगइन केलं. रडू आलं नाही. येईल म्हणून वाट पाहिली, मग तेही सोडून दिलं.

शनिवारी इथली मराठी माणसं समाचाराला येऊ लागली. रीत तिकडचीच, फक्त आधी मेसेज करून वेळ ठरवतात. सोफ्यावर बसतात, जरा वेळ कार्पेटकडे बघतात आणि विचारतात, "नेमकं काय झालं?"

मग मी सांगायचो. सकाळी चहा घेतला, गॅलरीतले कपडे काढले, वरण-भात जेवली, "जरा पडते" म्हणाली, ती उठलीच नाही. हे सगळं भावाकडून ऐकलेलं. पण चौथ्या घरची माणसं येईपर्यंत ते माझंच झालं होतं. कुठे थांबायचं, कुठे समोरच्याचा हात डोळ्यांकडे जाणार, सगळं पाठ. त्यांना रडू यायचं. मी कोरडा ठाक.

माणूस गोष्टी सांगायला शिकला तो शेकोटीभोवती, शिकारीच्या फुशारक्या मारताना, असं म्हणतात. मला नाही पटत. फुशारकी दुसऱ्यांदा कोण ऐकून घेतं? पहिली गोष्ट समाचाराला आलेल्यांनाच सांगितली गेली असणार, आणि नव्या येणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून. सांगणाऱ्यानं त्यातून आपल्याला नको ते गाळलंही असेल.

रविवारी शेवटी ईलिंगच्या एक काकू आल्या. निघताना, अशा घरी म्हणायचं नसतं म्हणून, "येते" न म्हणता गेल्या. मी दार लावलं. माझी नऊ वर्षांची मुलगी जिन्यात बसली होती. दोन्ही दिवस ती तिथेच बसून ऐकत होती.

"बाबा, तू एक पार्ट सांगतच नाही."

"कुठला?"

"त्या दिवशी आजीचा फोन आला होता, ब्रेकफास्टला. तू म्हणाला, मीटिंग आहे, नंतर करतो. आणि कट केला. एव्हरी टाइम आय वॉज वेटिंग फॉर दॅट बिट."

तेव्हा मीटिंगला अजून वीस मिनिटं होती. मला तिचा राग आला, मग लाज वाटली.

"मला सांग ना," ती म्हणाली. "फ्रॉम द स्टार्ट."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. सकाळचा चहा सांगितला. गॅलरीतले कपडे सांगितले. त्यापुढे फोन होता, आणि तेवढं वाक्य मला पाठ नव्हतं.