आठशे वर्षांनी म्हातारी झालेली उशी

"ही उशी एकदम एवढी म्हातारी कशी झाली?" मिस्टर वँगनी विचारलं.

मंगळवारची सकाळ होती. म्युझियमच्या ऑफिसात, टेबलावर नव्या प्रदर्शनाच्या लेबलांचे कच्चे प्रिंट पसरले होते. मिस्टर वँग पंचाहत्तरीचे, रिटायर्ड केमिस्ट. दर मंगळवारी व्हॉलंटियर म्हणून येतात आणि चिनी वस्तूंची लेबलं तपासतात. मी त्यांना मनातल्या मनात वँगकाका म्हणते. त्यांच्या हातातलं लेबल एका उशीचं होतं. चिनीमातीची पांढरी उशी, तिच्यावर काळ्या रंगात काढलेलं बदक. त्या काळी लोक असल्या कडक उशीवर डोकं ठेवून झोपायचे म्हणे. लेबलवर लिहिलं होतं, जिन राजवट, इसवी सन २६५ ते ४२०.

"ही बाराव्या शतकातली आहे," काका म्हणाले. "टायपिंगची चूक असेल. तेवढी दुरुस्त करा."

मी हो म्हटलं. पण ती टायपिंगची चूक नव्हती. एकच चूकही नव्हती. आणि करणारी मी होते.

मी मूळची डेटावाली. पुण्यात असताना बँकांच्या सॉफ्टवेअरवर काम केलं. मग नवऱ्याच्या नोकरीमागे अमेरिकेत, कॅरीला आले आणि नऊ वर्षं घरी बसले. म्हणजे बसले कसली, मुलगी वाढवली. पण रेझ्युमेवर त्याला 'गॅप' म्हणतात. वर्क परमिट आल्यावर पन्नास अर्ज केले असतील, तेव्हा कुठे या छोट्याशा म्युझियममध्ये सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं. जुन्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदी नव्यात हलवायच्या, आणि हलवण्याआधी त्या साफ करायच्या. घर बदलताना आपण अडगळ काढतो ना, तसंच.

बँकेत साफसफाईचा पहिला धडा म्हणजे डुप्लिकेट काढणं. एकच माणूस यादीत दोनदा आला की दोन ओळींची एक करायची. याला आम्ही मर्ज करणं म्हणतो. म्युझियमच्या डेटाबेसमध्ये राजवटींची एक यादी होती आणि प्रत्येक वस्तू त्यातल्या एका ओळीला जोडलेली होती. त्या यादीत 'जिन' दोनदा होतं. 'सुंग'ही दोनदा. प्रत्येक जोडीतल्या एका ओळीत सालं होती, दुसरीत रिकामी जागा. मी म्हटलं, घ्या, आले डुप्लिकेट! सालं असलेल्या ओळी ठेवल्या, रिकाम्या उडवल्या. पाच मिनिटांचं काम. वर स्वतःवर खूश होऊन डबा खाल्ला.

"मिस्टर वँग, जिन राजवटी दोन होत्या का हो?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"दोन तर ठळक," ते म्हणाले, आणि पेन्सिल घेऊन बसले. पहिले जिन तिसऱ्या ते पाचव्या शतकातले. त्यांचेही पुन्हा पश्चिमेचे आणि पूर्वेचे असे भाग. दुसरे जिन उत्तरेकडून आलेले घोडेस्वार, बाराव्या शतकातले. नात्याचा, गोत्राचा काही संबंध नाही. चिनीत दोघांची अक्षरं वेगळी, पण इंग्रजीत आले की एकसारखे. सुंगांचं तर चिनीतही अक्षर एकच. म्हणून आधीच्यांना लोक त्यांचं घराणं लावून लिउ-सुंग म्हणतात.

"मग तुम्ही ओळखता कसे?"

"साल विचारायचं. नावावर कधी जायचं नाही."

मला माझीच लाज वाटली. बदामीचे चालुक्य आणि कल्याणीचे चालुक्य, थोरले माधवराव आणि सवाई माधवराव, हे मी शाळेत घोकून परीक्षा दिल्या आहेत. माधवराव दोनदा आले म्हणून मी एकाला उडवलं असतं का? पण परक्याचा इतिहास म्हटला की आपण बिनधास्त झाडू मारतो.

काका गेल्यावर मी मोजलं. एकशे चौऱ्याऐंशी वस्तूंची सरमिसळ झाली होती. त्यातली कुठली आधी कुठल्या ओळीला जोडलेली होती, हे आता सांगता येत नव्हतं. मर्ज करून तीन आठवडे झाले होते, आणि तिथला बॅकअप दर आठवड्याला जुन्यावरच लिहिला जायचा. मी स्वतः वेगळी कॉपी ठेवली नव्हती. नऊ वर्षांत हात विसरला म्हणा, नाहीतर माज म्हणा.

शुक्रवारी लेबलं प्रिंटरकडे जाणार होती. त्याच दिवशी डायरेक्टर माझं कॉन्ट्रॅक्ट पर्मनंट करायचं की नाही, ते ठरवणार होते. माझी बॉस कॅरोल हिने तशी शिफारस केली होती. प्रदर्शनात घोळातल्या फक्त पाच वस्तू होत्या. तेवढी पाच लेबलं गुपचूप नीट केली असती, तर कोणाला कळणार होतं? बाकीच्या वस्तू तर तळघरात. खोटं कशाला बोलू, मी त्या पाचांची यादी काढलीसुद्धा.

संध्याकाळी लेकीला, इराला, स्विमिंगहून आणताना गाडीत तिला सांगितलं. बारा वर्षांची आहे. तिने फोनमधून डोकंही वर काढलं नाही.

"सो जस्ट टेल हर, आई."

"अगं, नोकरी जाईल माझी."

"यू टोल्ड मी टू टेल मिस ग्रीन अबाउट द ब्रोकन बीकर."

मिस ग्रीन म्हणजे तिच्या सायन्सच्या बाई. झालं! आपलेच दात आपलेच ओठ.

बुधवारी सकाळी कॅरोलच्या केबिनमध्ये उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

"माझ्याआधी कोणाला सांगितलंस?"

"माझ्या मुलीला."

"ती काय म्हणाली?"

"तुला सांग म्हणाली."

"शहाणी आहे," कॅरोल म्हणाली, आणि वँगकाकांना फोन लावला.

काका तासाभरात आले, पत्नीने दिलेला डंपलिंगचा डबा घेऊन. त्यांना एक गोष्ट ठाऊक होती. तळघरात लाकडी ड्रॉवरमध्ये जुनी कार्डं होती. कॉम्प्युटर येण्याआधीच्या रजिस्ट्रारबाई प्रत्येक वस्तूचं कार्ड टाइप करायच्या, आणि त्यांचा नेम असा, की राजवटीच्या नावापुढे साल लिहिल्याशिवाय कार्ड ड्रॉवरमध्ये जायचं नाही. कॉम्प्युटरवर चढवताना कोणीतरी घाईत नावं घेतली आणि बरीचशी सालं सोडली होती.

दोन दिवस आम्ही तळघरात होतो. काका कार्ड वाचायचे, मी नोंद दुरुस्त करायचे. एकदाही त्यांनी 'असं कसं केलंत' म्हटलं नाही. सात कार्डं हरवलेली निघाली. त्या वस्तू काकांनी स्वतः पाहिल्या. चार वस्तूंची राजवट सांगितली. उरलेल्या तिन्हींपुढे म्हणाले, "इथे 'खात्री नाही' असं लिहा. तीही माहितीच आहे." या वेळी कॉपी ठेवली, दोन ठिकाणी. गुरुवारी चार वाजता उशी आपल्या खऱ्या वयाची झाली.

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये डायरेक्टरांनी विचारलं, "हा घोळ झाला कोणामुळे?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात कॅरोलने एक कागद टेबलावर ठेवला. मर्ज करण्याआधी मी बदलांची यादी मंजुरीसाठी तिच्याकडे पाठवली होती. मी ते साफ विसरले होते. खाली तिची सही होती.

"हिने विचारलं होतं," कॅरोल म्हणाली. "मी न वाचता सही केली. मग चूक सापडल्यावर हिनेच येऊन सांगितलं. मला असंच माणूस हवं आहे."

तो कागद तिच्याच फाइलमध्ये होता. तिने तो तिथेच राहू दिला असता, तर मला कधीच आठवला नसता. मी बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडले. परक्या देशात, परक्या माणसासाठी एवढं कोण करतं हो?

मी पर्मनंट झाले. आता आमच्या यादीत साल भरल्याशिवाय राजवट सेव्हच होत नाही. त्या रजिस्ट्रारबाईंचा नेम मी सॉफ्टवेअरमध्ये घातला, एवढीच माझी हुशारी. वँगकाका अजून दर मंगळवारी येतात आणि दारातूनच विचारतात, "आज कोणी म्हातारं झालं का?"

नाव सारखं दिसलं की साल विचारावं, आणि सहीला कागद आला की वाचावा. पहिलं मी शिकले, दुसरं कॅरोल. परवा मी तिच्याकडे नवी यादी पाठवली, तर बाईंनी चष्मा लावून सगळी पानं वाचली आणि सही करायला तीन दिवस लावले.