वाघाची हाळी

"देवानं नरडं निस्तं भाकरी गिळायला दिलंय व्हय?"

कुणी हळू बोललं की मावशी हे विचारायची आणि उत्तराची वाट न पाहता काठी दगडावर आपटायची. पालीच्या वर धनगरवाड्यात तिचं खोपट होतं. चार म्हशी, ती काठी आणि तो आवाज, एवढीच तिची इस्टेट. वर तिने हाक मारली की खाली आमच्या चुलीपाशी कळायचं, आज कुठली म्हैस चुकार झाली ते. तुम्ही ऐकला असतात तो आवाज, तर तुम्हीही दोन पावलं मागे सरला असतात.

नात्याने ती माझी कुणी नव्हती. नवरा सोडून मी भावाकडे पालीला आले, तेव्हा आमची गाठ पडली. माझी काडीमोड रीतसर झाली होती. पंचांसमोर नवऱ्याने गवताची काडी मोडायची, की संबंध तुटला. त्याने ती मोडली आणि उठता उठता माझ्या कानाशी म्हणाला, "काडी मोडली. हाडं मोडायची ऱ्हायल्यात." पंचांना ते ऐकू गेलं नाही, आणि मी सांगितलं नाही. सासरी मी पदर तोंडात कोंबून रडायला शिकले होते. आवाज उरलाच नव्हता.

पोटासाठी मी मावशीचं लोणी वेल्ह्याच्या बाजाराला न्यायला लागले. वाट रानातली. पुढे पुढे तो काडी मोडलेला नवरा ओढ्यापलीकडे बसलेला दिसायला लागला. मी मावशीला सांगितलं, अर्थात कुजबुजत. या खेपेला तिने काठी आपटली नाही.

"भावाला बोललीस?"

"बोलले. त्यो म्हनला, काय करत न्हाई त्यो."

"भाऊ तुजा गुनाचा हाय. पर त्यो औतामागं, आन् तू वाटंवर."

मग तिने माझी तालीम सुरू केली. "आदी डोईवरचं टाकून द्याचं. लोनी काय, म्हशी परत देत्याल. तुला कोन देनार हाय?" माझं मनगट आवळून म्हणायची, "सोडीव." मी मागे ओढत राहायचे. "मागं नगं. अंगठ्याकडनं हिसडा दे. मूठ तितंच कच्ची असती." हात सुटेपर्यंत भाकरी मिळायची नाही.

शेवटी हाळी. माळावर, राजगडाकडे तोंड करून.

"काय वरडू?"

"वाघ म्हन."

"पर मावशे, वाघ कुठं हाय?"

"नवरा मारतोय म्हनलीस, तर लोक म्हनत्याल, त्येंचं त्ये बघून घेत्याल. वाघ म्हनलीस की समदी धावत्याल."

पहिल्या दिवशी माझा आवाज ऐकून ती हसून हसून खाली बसली. "करडूबी तुज्यापरीस बरं वरडतं गं."

भातकापणीच्या दिवसांत तो ओढ्यात आडवा आला. हातात कोयता. "चल घरी," म्हणाला आणि माझं मनगट धरलं. मी लोण्याचं गाडगं टाकलं. खरं सांगते, तेवढ्यातही लोण्याचं वाईट वाटलं. अंगठ्याकडून हिसडा दिला, पण हात सुटेना. मावशीची मूठ म्हातारीची होती, ही नव्हती. मग मी ओरडले. वाघ आला, वाघ आला.

आणि तो मागे वळून बघायला लागला. डोंगरातलाच माणूस, वाघ म्हटल्यावर बघणारच. मूठ सैल पडली तशी मी हात सोडवून पळत सुटले, ओरडतच, आणि तो माझ्या मागे.

खाचरांतली माणसं विळे-काठ्या घेऊन धावली. वरून मावशी आली. पाटील धापा टाकत म्हणाला, "कुठं हाय वाघ?"

मावशीने काठीचं टोक नवऱ्याच्या छातीला लावलं. "ह्यो काय."

कुणीतरी हसलं. मग माझं मनगट आणि त्याचा कोयता दिसला तसं हसणं थांबलं. खोटी हाळी दिली म्हणून आता मलाच बोल लागणार, अशी मला धास्ती. पण काडीमोडीला पाटीलच पंच होता.

"काडी माज्याम्होरं मोडली," तो म्हणाला. "आता ह्यो वाघ ज्याला दिसंल, त्यानं हाळी द्याची."

पुढे तो एकदाच खिंडीत दिसला. दोन्ही बाजूंच्या वाड्या एकदम ओरडल्या. परत आला नाही.

मी जगले ती या बाईमुळे, हे मी तिला एकदा बोलून दाखवलं. "मग म्होट्यानं बोल की," ती म्हणाली, "म्हशींनाबी आयकू दे." मी बोलले. म्हशींनी माना वळवून पाहिलं.

त्यानंतर काही वर्षांनी एका सकाळी लोणी आणायला वर गेले, तर म्हशी दावणीला हंबरत होत्या आणि मावशी अंथरुणात थंड होती. मी माळावर आले. वाघ म्हणायचं सुचलं नाही. नुसता आवाज काढला.

खालून माणसं धावत आली, काठ्या, विळे, कोयते घेऊन. आत डोकावून एकेकाने हातातलं दारापाशी ठेवलं. पाटलाने वाकून तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"मग हाळी कुनी दिली? आमाला वाटलं, म्हातारीच वरडतीया."

"म्या दिली," मी म्हणाले. मोठ्याने.